हैमाच्या पुढे दोन तास

गाडी गॅरेजात नेली की बॉनेट उघडायच्या आधी तो तुमच्या पायांकडे बघायचा. हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा, जरासा वाकायचा, बूट आहेत की चपला ते पाहून घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "गाडीला काय झालेलं नाय. खोट चालवणाऱ्यात आहे."

मस्कतमध्ये राहिलेल्या तुमच्यापैकी काहींनी हे वाक्य ऐकलं असेलच. अझैब्याच्या त्या गॅरेजात बरीच मराठी मंडळी गाड्या नेत. हा मिस्त्री मूळचा गुहागरकडचा. ओमानमध्ये बावीस वर्षं झालेली, आणि तेवढ्या काळात 'माझं चुकलं' असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा एक डॉक्टर तणतणत आले, कालच ब्रेकचं काम केलंत आणि आज गाडी ओढतच नाही म्हणून. त्याने डॉक्टरांना शेजारी बसवलं, हँडब्रेक खाली केला आणि एक चक्कर मारून आणली. डॉक्टर पुढे कित्येक महिने गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवत होते. वैताग असा की बहुतेक वेळा तोच खरा निघायचा. मी स्वतः चपला घालून गाडी चालवणं त्याच्या धाकाने सोडलं. ऑफिसात साहेब म्हणून मिरवणारा मी, त्याच्यासमोर मात्र गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा उभा राहायचो.

माझ्याकडे एक जुनी फोर-व्हील होती. बायको तिला माझी पहिली बायको म्हणायची. तिचं पेट्रोल इंजिन बसलं तेव्हा अल् खुवैरच्या ऑफिसातल्या यच्चयावत लोकांनी विकून टाक म्हणून सांगितलं. एकटा मिस्त्री म्हणाला, डिझेल बसवू. मागून चेपलेल्या एका पिकअपचं धडधाकट इंजिन त्याने भंगारवाल्याकडे हेरून ठेवलं होतं. दीड महिना तो त्या कामाला भिडला होता. माउंटिंग नव्याने वेल्ड केले, रेडिएटर मोठा घातला, गिअरबॉक्सशी जुळवाजुळव केली. सरकारी तपासणी आणि कागद अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या ओमानी मालकाने, करून दिले.

पण अर्बाबने हे काही कौतुकाने केलं नव्हतं. गॅरेजात तोवर लॅपटॉपवाले मेकॅनिक आले होते. ते गाडीला वायर लावून पडद्यावर दोष वाचायचे. मिस्त्रीचा व्हिसा मार्चमध्ये संपत होता आणि अर्बाब त्याला कायमचं घरी पाठवणार होता. तेव्हा मिस्त्रीनेच पैज लावली. ही गाडी सरळ रस्त्याने हजार किलोमीटरवरच्या सलालाला जाईल आणि किनाऱ्याकडून, वाळूतून परत येईल. आली, तर मला ठेव. अर्बाबने दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "ठीक. पर रास्ते में रुका, तो खलास."

मी मिस्त्रीला विचारलं, एवढं राहायचं कशाला? बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगा-सून चांगले, या म्हणून फोन करतात. तो स्पार्क प्लग पुसत होता. "विश्रांती घ्या म्हणतात," तो म्हणाला. "गावात मला गाडीला हात कोण लावू देणार, साहेब? ओट्यावर बसवतील." त्याला एवढ्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जानेवारीत आम्ही निघालो. मी चालवायला, बायको शेजारी थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन, आणि मागे मिस्त्री, हत्यारांच्या पेटीवर पाय ठेवून. नव्या इंजिनाचं खरं सांगायचं तर आवाज पिठाच्या गिरणीसारखा. बायको काही बोलली की मी अंदाजाने मान डोलवायचो. शंभरच्या पुढे काटा जायला कुरकुरायचा, ओव्हरटेक करायचा तर आधी मनाची तयारी लागायची. पण ओढ अशी की निझव्याकडच्या चढणीला एकदाही गिअर उतरवावा लागला नाही. तापमानाचा काटा मध्यावर जो बसला तो हललाच नाही. अदमच्या पुढे वाळवंट सपाट पसरलं आणि मिस्त्रीने मागे डोळे मिटले. बावीस वर्षांत तो मस्कतच्या बाहेर गेला नव्हता. पण खिडकीबाहेर बघायचं सोडून तो इंजिन ऐकत होता.

घोटाळा हैमाच्या पंपावर झाला. त्याआधी दोनदा डिझेल भरलं तेव्हा मिस्त्री स्वतः खाली उतरून उभा होता. हैमाला तो तोंड धुवायला गेला आणि बायको चहा आणायला. पंपावरचा मुलगा खिडकीशी आला. मी गेली नऊ वर्षं पेट्रोल भरताना जे म्हणत आलो तेच म्हणालो, "सुपर, फुल." आणि मोबाइलला रेंज आहे का ते बघत बसलो.

टाकीच्या झाकणाच्या आत मिस्त्रीने पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहिलं होतं, 'फक्त डिझेल'. मराठीत. पंपावरचा मुलगा बांगलादेशी. त्याने ते पाहिलं असेल तर नक्षी म्हणून पाहिलं असेल.

दहा-बारा किलोमीटर गेलो असू. गाडीची ओढ तुटली, खालून ठोके ऐकू आले, आणि मागून मिस्त्री ओरडला, "बंद करा. आत्ताच्या आत्ता."

मी काय केलं ते त्याला सांगितलं. आता माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत सगळं निघणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तो हत्यारांची पेटी घेऊन खाली उतरला. रस्त्याच्या कडेला चटई टाकून गाडीखाली शिरला. एका बदूने, वाळवंटात राहणाऱ्या अरबाने, गाडी थांबवून आपल्या पिकअपमधली रिकामी पिंपं दिली, त्यात टाकी उपसली. नळ्या साफ केल्या, फिल्टर बदलला. आम्ही टपावर जास्तीचं डिझेल बांधून आणलं होतं, ते टाकीत ओतलं. मग तो हातपंपाने अंगठा दुखेपर्यंत डिझेलच्या नळ्यांतली हवा काढत राहिला. दोन तासांनी त्याने मला किल्ली फिरवायला सांगितलं. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही तेच. बायकोने डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा काळा धूर सोडून गाडी सुरू झाली आणि मिस्त्री मटकन रस्त्याच्या कडेला बसला.

पुढचा प्रवास मात्र बघण्यासारखा झाला. सलालाला शहाळी प्यायलो, दुक्मवरून किनाऱ्याने वर आलो आणि वाळूत शिरलो. टायरमधली हवा कमी केली, दुसरा गिअर टाकला, आणि जिथे जुनं इंजिन किंचाळायचं तिथे हे सावकाश, पाय रोवत वर चढत गेलं. उतरताना नाक जड पडायचं एवढाच काय तो दोष. एका उंच टेकाडावर मी थांबलो, तर मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. बायकोने फोटो काढला. परतताना मी आणि बायकोने हळूच ठरवून टाकलं, हैमाचं कुणाला सांगायचं नाही.

अर्बाब गॅरेजच्या दारातच उभा होता. गाडीभोवती एक फेरी मारून, बॉनेट उघडून त्याने विचारलं, "रुका?"

मी तोंड उघडणार, तोच मिस्त्री म्हणाला, "रुका. हैमा के बाद. दो घंटा. मेरा गलती."

"तेरा?"

"डिझेल मेरा भाषा में लिखा. पंपवाला पढ़ा नहीं, पेट्रोल डाला."

आणि मी? मी गप्प उभा राहिलो. एका शब्दाचं काम होतं. अर्बाब बॉनेट लावून नमाजाला निघून गेला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आजही ते लिहिताना वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला दांडी मारून मी अर्बाबकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो खजूर खात होता. एक माझ्यापुढे केला.

"मालूम है," तो म्हणाला. "बाईस साल में ये आदमी कभी नहीं बोला, मेरा गलती. कल बोला, तब मैं समझा, गलती तेरा है. उसका विसा का कागज सुबह टाइपिंग में गया, रिन्यू के लिए."

मी बाहेर आलो. मिस्त्री अर्बाबच्या जुन्या जीपखाली होता. मी माफी मागितली. खालून हात बाहेर आला आणि त्याने चौदाचा पाना मागितला. मी दिला.

दोन वर्षं तो राहिला. त्यात त्याने आणखी तीन गाड्यांची इंजिनं बदलली आणि निदान शंभर जणांचे पाय तपासले. मग नियमाने वय झालं आणि अर्बाबलाही काही करता येईना. तो गुहागरला गेला.

आता शुक्रवारी सकाळी मी घुब्र्याच्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी सुरू करतो, बॉनेट उघडतो आणि त्याला फोन लावतो. तो स्वतःबद्दल काही सांगत नाही. सून चांगली आहे, आंबा बरा आहे, एवढंच. मग मी फोन इंजिनापाशी धरतो. मिनिटभराने कानाला लावून विचारतो, कशी वाटते? "बरी आहे," तो म्हणतो. मी निरोप घ्यायला लागलो की घाईघाईने म्हणतो, "ठेवू नका, साहेब. जरा चालू राहू दे."

मी पुन्हा फोन इंजिनाजवळ नेतो आणि उन्हात तसाच उभा राहतो.