डोंगरावरची द्राक्षबाग

दोष माझ्या थोरल्या काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे चहा निवेपर्यंत तुमचं मत पक्कं होईल. घोटीजवळच्या आमच्या गावात हा माणूस वर्षानुवर्षं सरपंच होता. जगाला अक्कल शिकवली, पण सख्ख्या पुतण्याला गावचा डोंगर एकदाही दाखवला नाही.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं. का, ते विचारू नका. घरचे रोज विचारतात तेवढं पुरे. नाशिकमध्ये लग्नांत ड्रोन उडवायचो. अशाच एका लग्नात एका मॅडमची ओळख झाली. त्या जंगलाचा अभ्यास करतात, तोही उपग्रहाच्या चित्रांवरून. त्यांनी मला बोलीवर घेतलं: काम जमलं, तर कायम. शिकवताना माझ्यावर कुणी ओरडत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ही नोकरी मला हवीच होती.

आणि काय काय दाखवलं त्यांनी! अहो, पानावर ऊन पडलं की पान त्यातला काही उजेड परत फेकतं, आणि तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. उपग्रहाला दिसतो. झाड आपल्याला अजून हिरवंगार वाटत असतं, तेव्हाच ते आजारी पडलंय हे वरून कळू शकतं. ज्या डोंगरांखालून मी जन्मभर एसटीत झोपून गेलो, ते स्क्रीनवर श्वास घेताना दिसायचे. पावसात भरायचे, उन्हाळ्यात ओसरायचे. मी डबा विसरून बघत बसायचो.

मॅडमचा नियम एकच. वरून दिसेल ते आधी पायी जाऊन बघायचं, मग तोंड उघडायचं.

एक दिवस आमच्याच गावाचं एप्रिलअखेरचं चित्र उघडलं. सगळे डोंगर वाळून करडे. आणि मधोमध, वनखात्याच्या जमिनीत, एक गर्द हिरवा ठिपका.

आता मला सांगा, भर उन्हाळ्यात हिरवा तुकडा दिसला तर नाशिककराच्या डोक्यात काय येणार? द्राक्षबाग! कुणाची तरी, चोरून, फुकटच्या पाण्यावर. आणि वनजमिनीत बाग लावायची छाती गावात एकाच माणसाची. इतकी वर्षं मला अर्धवट म्हणणारा म्हातारा थेट आभाळातून सापडला होता.

पायी कशाला जायचं? मी ठिपक्याभोवती गोल काढला, खाली लिहिलं, ‘वाइनची द्राक्षं, सौजन्य माजी सरपंच’, आणि दिलं गावाच्या ग्रुपवर टाकून. संध्याकाळपर्यंत ते वनरक्षकाकडे पोचलं. सकाळी वनरक्षक, नवे सरपंच, अर्धं गाव, सगळे डोंगर चढायला लागले. मॅडमही होत्या. त्यांना मीच बोलावलं होतं, ऐटीत.

काका सगळ्यांच्या पुढे. मान खाली घालून चढत होते. मला वाटलं, टरकला.

झाडी सुरू झाली तिथे सगळ्यांनी चपला काढल्या. मी तसाच पुढे निघालो.

“बूट काढ,” काका म्हणाले.

मी विचारलं, बागेत कसलं आलंय सोवळं?

“काढ.”

वनरक्षकसुद्धा अनवाणी होता. काढले.

आत पाऊल टाकलं आणि काय सांगू... बाहेर अंग भाजत होतं, इथे पायाखाली गार, ओलसर पाचोळा. जांभळाची, हिरड्याची खोडं अशी की चौघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. माझ्या मांडीएवढ्या जाड वेली. वर पाहिलं तर आभाळच नाही, नुसती पानं. एवढी माणसं, पण एकाचाही आवाज चढेना. देवराई होती ती. देवाच्या नावानं राखलेलं रान. त्यातली वाळकी काडीही कुणी घरी नेत नाही. स्क्रीनवर नखाएवढा दिसलेला ठिपका, आणि त्यात मी मुंगीएवढा, आ वासून उभा.

“घे,” काका म्हणाले, “तोड द्राक्षं.”

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

“आन् एप्रिलात छाटणी झालेली असती. द्राक्षाची बाग भुंडी दिसती तवा. नाशकात ऱ्हातो ना तू?”

मी उसळलोच. म्हटलं, गावात एवढं काही आहे, हे मला आजवर सांगितलं का नाही?

“तू कधी इचारलं?”

बघा. म्हाताऱ्यांचं ठरलेलं उत्तर. अरे, जे आहे हेच माहीत नाही, ते माणूस विचारणार कसं? पण हे सगळं मी मनात म्हटलं. त्या झाडांखाली मला भांडता येईना.

खाली उतरल्यावर नवे सरपंच मॅडमना म्हणाले, तुम्ही झाडं मोजायला खुशाल या. आपलं रान एवढ्या वरून दिसतं म्हणजे लय भारी. फक्त देवाच्या रानाला चोरीचा माल म्हणणारा हा पोरगा परत आणू नका.

मॅडम तेव्हाही ओरडल्या नाहीत. “गावानं नको म्हटलं तर माझं काम थांबतं रे,” एवढंच म्हणाल्या.

नोकरी गेली. माझ्या जागी काकांचा धाकटा मुलगा लागला.