दिगंबरच्या मनगटावरचे घड्याळ

दिगंबरने आपल्या मृत मुलाचे घड्याळ पैशासाठी विकले, हे असत्य आहे.

दिगंबर गेल्यावर चि. सुहासने काल फेसबुकवर लिहिलेला मजकूर मी दोनदा वाचला. तो दिगंबरचा पुतण्या. काकांवर त्याचे प्रेम होते, हे मान्य. परंतु शोकात लिहिले म्हणून चुकीचे बरोबर होत नाही.

म्हणून जे घडले, तेवढेच लिहितो. ज्याचा अर्थ मला लागत नाही, त्याचा अर्थ लावणार नाही.

दिगंबर हा माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, पती. बिऱ्हाड चिक्कडपल्लीत. उदारीकरणानंतर त्याच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि त्याने ती घेतली. आलेल्या रकमेतून संगणक आणला. तेव्हा इंटरनेट सुरू असेपर्यंत घरचा फोन लागत नसे.

इंटरनेटवरील लिलावात तो जुनी मनगटी घड्याळे विकू लागला. दर गुरुवारी जुन्या बाजारातून आणायची, पुसायची, फोटो काढून संकेतस्थळावर चढवायची. कोठून कोठून बोली लागत. त्यावर घर चालले.

त्याचा एक नियम होता. प्रत्येक घड्याळ एक रात्र स्वतःच्या मनगटावर बांधून झोपायचे.

स्वतः वापरल्याविना ‘उत्तम चालते’ असे आपण लिहिणार नाही, असे तो म्हणे. हा काटेकोरपणा मला आवडत असे.

ती घड्याळे बहुधा मेलेल्या माणसांची असत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

काही सकाळी तो डाव्या हाताने दाढी करी. जन्मात विडी न ओढलेला माणूस कधी काडेपेटीसाठी खिसे चाचपी. घड्याळ उतरवले की सारे थांबे, आणि त्याला काही आठवत नसे.

सुमन हसून विचारी, “आज कोण आलंय?”

त्यांचा एकुलता एक मुलगा विनय तारनाक्याजवळ स्कूटरच्या अपघातात गेला. त्याचा उजवा पाय चिरडला होता. हातातले घड्याळ रस्त्यातच कोणी काढून घेतले.

पुढे कित्येक वर्षांनी, एका गुरुवारी, ते घड्याळ दिगंबरला बाजारातल्या ढिगात सापडले. मागे त्याने स्वतः कोरलेला ‘वि’ होता.

कोठून आले, असे त्याने विचारले. विक्रेत्याने खांदे उडवले.

“घडी चालू है साब. आदमीच बंद हुआ हुंगा.”

दिगंबरने घरी सांगितले नाही. नियमाप्रमाणे ते बांधले आणि झोपला.

सकाळी तो गॅलरीत जाऊन बसला आणि म्हणाला, “आई, चहा इथंच दे.”

सुमनने विनयला लागे तेवढी साखर घालून चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग तिने मला बोलावून घेतले.

मला लग्नापासून ‘भाऊसाहेब’ म्हणणारा दिगंबर मला पाहून उठून उभा राहिला.

“या मामा. अजून पेपरातल्या चुका लाल पेनानं काढता का?”

अशी थट्टा माझी एकच व्यक्ती करीत असे.

मी पट्टा सोडवला. दिगंबरने डोळे चोळले आणि विचारले, “भाऊसाहेब, केव्हा आलात?”

त्यानंतर सुमन रोज संध्याकाळी ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधू लागली. त्यानेही हात पुढे केला. तिला तासभर मुलगा भेटे.

दिगंबर मात्र वाळत चालला. उजवा पाय ओढू लागला. डॉक्टरांना पायात काही दोष आढळला नाही.

घड्याळ घराबाहेर काढा, असे मी स्पष्ट सांगितले.

सुमन म्हणाली, “दादा, नवरा हवा की मुलगा, हे मला विचारू नकोस.”

शेवटी दिगंबरनेच ते लिलावात मांडले. बोली चढत गेली. अनोळखी नावाचा एक ग्राहक कोणालाच पुढे जाऊ देईना. अखेर त्यालाच घड्याळ मिळाले.

पाठवायचा पत्ता आला, तो त्यांच्याच घराचा.

सुमनने गल्लीतल्या इंटरनेट कॅफेत बसून बोली लावली होती.

“अगं, घरातल्या घरात लिलाव?” दिगंबर कितीतरी दिवसांनी हसला.

ती हसली नाही. “तुम्हाला विकायचं होतं, विकलंत. आता ते माझं आहे. तुम्ही जिवंत आहात तोवर कुणाच्या हाताला लागणार नाही.”

तिने किल्ली न देता ते कपाटात ठेवले. पंधरवड्यात दिगंबरचा पाय सुधारला. तो पुढे पुष्कळ वर्षे जगला, आणि ती सगळी वर्षे केवळ दिगंबर म्हणून जगला.

घड्याळ त्याच्याबरोबर चितेवर ठेवले, असेही सुहासने लिहिले आहे. ठेवले नाही.

बुधवारी आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा सुमन गॅलरीत बसली होती. घड्याळ तिच्या मनगटावर होते. त्याची टिकटिक मला दारातून ऐकू आली.

तिने मान वर करून पाहिले.

“मामा, बाबांना नीट पोचवलंत ना?”

मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

म्हणालो, “हो रे बाळा. पोचवलं.”

सुहास, तुझ्या मजकुरातील दिवस असे दुरुस्त करून घे.

विनयचा अपघात: दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दिवाळीत नव्हे.

दिगंबरची निवृत्ती: अपघाताच्या आधी. पुत्रशोकाने त्याने नोकरी सोडली नाही.

घड्याळाचा लिलाव: संक्रांतीच्या आठवड्यात. विकत घेणारी सुमन.

दिगंबरचे निधन: बुधवारी पहाटे. मंगळवारी नव्हे.

घड्याळ बंद पडले, तो दिवस: अद्याप आलेला नाही. सुमन रोज सकाळी किल्ली देते. ते उतरव, असे मी तिला सांगितलेले नाही.

दिगंबर, तुला माझा अखेरचा नमस्कार. तू शांतपणे जा. घरी आम्ही आहोत.