दाजींनी पसंत केलेली करवत

गेल्याच्या गेल्या वर्षीची नवरात्रातली अष्टमी. खोपोलीतलं हार्डवेअरचं दुकान. लोखंड कापायच्या मशीनचा सांगितलेला भाव नऊ हजार दोनशे. हजर तिघे: दुकानदार, मी आणि दाजी. व्यवहार झाला नाही, आणि त्याला कारण दाजी आणि त्यांची पिशवी.

ही पिशवी आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, दाजींच्या कंपनीतल्या जुन्या खाकी पँटची शिवलेली होती. तिच्यात कायम तीन वस्तू असत: चौकोनी पाइपचा वीतभर तुकडा, अँगलचा एक आणि भरीव सळईचा एक. मशीन बघायला जायचं ठरलं की दाजी शेलूहून कर्जतला येत आणि माझ्या स्कूटरवर मागे बसत. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते लोखंड माझ्या पाठीत बसे. एकदा मी म्हणालो, की पिशवी पायात ठेवा. दाजी म्हणाले, "पायात ठेवली तर मला खड्डा कळंल. तुला कळला पायजे."

दुकानात गेल्यावर भाव विचारण्याआधी पिशवी उघडायची, ही त्यांची पद्धत. पाइप काउंटरवर ठेवून म्हणायचे, "कापून दावा." त्या अष्टमीला दुकानदार कुरकुरला. मशीन नवी आहे, एक कट मारला की जुनी झाली, म्हणाला. "मग मारा कट. आमाला जुनीच स्वस्त पडंल," दाजी म्हणाले. दुकानदार हसला आणि त्याने मशीन लावली. गोल दगडी पातं फिरलं, ठिणग्यांचा झोत थेट शटरपर्यंत गेला. दाजी डोळे मिटून उभे होते. कट संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, पाइपच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तुकडे पिशवीत टाकले.

"माल चांगला हाय. पण ही माझी मशीन हाय, याची नाय."

"अहो, पण पैसे तर हे देणार ना?" दुकानदार म्हणाला. दाजींनी त्याला हात जोडले आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता. तोपर्यंत आम्ही पाच दुकानं पालथी घातली होती.

दाजी तीस-बत्तीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. घर खालापूरच्या पलीकडे, गावात. घरामागे पत्र्याची पडवी होती. कुणाचं फाटक, कुणाच्या खिडकीचे गज, कुणाच्या बैलगाडीच्या चाकाची धाव, असं काहीतरी तिथे नेहमी चाललेलं असे. मुलाने शेलूला फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे नेलं. मुलाचं काही चुकलं नाही. आक्काचे गुडघे गेले होते, आणि शेलूला लिफ्ट होती. पण तिसऱ्या मजल्यावर दाजींनी कपाटाची एक बिजागरी ठोकली आणि आवाजाची तक्रार घेऊन खालून वॉचमन वर आला. त्यानंतर ते बाल्कनीत बसून राहू लागले. त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

मी कर्जतला एका पतसंस्थेत हिशेब बघतो. घरामागे एक शेड रिकामी होती. तिथे छोटं वर्कशॉप करायचं मी ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं, की रिटायर झाल्यावर मला काहीतरी हाताचं काम हवं. खरं कारण वेगळं होतं. दाजींना परत हत्यारं हातात धरायला जागा हवी होती, आणि ती त्यांना दिलेली वाटता कामा नये, एवढंच मला साधायचं होतं. म्हणून म्हणालो, मला यातलं कळत नाही, मशीन तुम्ही निवडा.

मी रीतीप्रमाणे आकडेमोड केली होती. वर्षाला फार तर दोन फाटकं आणि चार जाळ्या. तेवढ्या कामाला दगडी पात्याची स्वस्त मशीन पुरते. पट्ट्याची करवत, जिला दुकानदार बँडसॉ म्हणतात, ती तिप्पट महाग आणि निम्म्याहून हळू. दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "हिशोब बरोबर हाय," म्हणाले. "त्यात बोटं किती धरलीस?"

मला वाटलं, थट्टा करतात. कारण त्याच दगडी पात्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. तिरका कट गुण्या, म्हणजे कोन मोजायची पट्टी, न लावता नजरेने मारायचे, आणि दोन तुकडे जोडले की फटीत कागद जात नसे.

मध्ये एकदा गाडी रुळावर आल्यासारखी वाटली. खोपोलीत एक जुनं वर्कशॉप बंद झालं होतं. मालक वारला होता, त्याची बायको सामान विकत होती. तिथे एक मोठी, तेलकट, मागे-पुढे चालणारी विजेची करवत होती, पॉवर हॅक्सॉ. दाजी तिच्यापाशी उकिडवे बसले ते उठेचनात. बाईंनी भाव सांगितला. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर दाजींनी माझ्या पायावर पाय ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मेलेल्या मानसाच्या हत्याराचा भाव करायचा नाय. सांगतील ते द्यायचं. आनि फुकट देत असतील तर घ्यायचंच नाय. फुकटचं हत्यार हाताला बसत नाय."

टेंपो आणला. चौघांनी मिळून मशीन दारापर्यंत सरकवली. तेव्हा मला सुचलं आणि मी विचारलं, की हिला थ्री फेज लागत असेल ना? माझ्या घरी साधी लाइन. दाजी थांबले. मग टेंपोच्या फळीवर बसून हसायलाच लागले. "एवढी वर्सं कंपनीत काडली रं, करंट कुटला ते कदी इचारलंच नाय. भिंतीत असायचाच तो."

मशीन तिथेच ठेवली आणि टेंपोवाल्याला येण्याचं भाडं दिलं. पण बाईंच्या घरी आशा लावून रिकाम्या हाताने निघणं दाजींना जमेना. त्यांनी तिथला लोखंड पकडून ठेवायचा जड बेंच व्हाइस घेतला, सांगितलेल्या भावात. तो आता माझ्या शेडमध्ये टेबलाला बोल्ट करून बसवला आहे.

दिवाळीच्या आधी एका दुकानदाराने छोटी बँडसॉ मागवली आहे, असा निरोप आला. भाव एकतीस हजार पाचशे. आम्ही गेलो. पिशवीतली सळई मी मशीनच्या शिकंज्यात, म्हणजे पकडीत, आवळली आणि बटण दाबलं. ठिणगी नाही, किंचाळणं नाही. पट्टा आपल्या वजनाने सावकाश खाली उतरत होता, आणि सळईचा तुकडा पडला तशी मशीन आपोआप बंद झाली. दाजींनी या खेपेला डोळे मिटले नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"कापताना हात कुठं लागला तुजा?"

"कुठेच नाही."

"मग हीच घे."

मी म्हणालो, की दाजी, ही फार सावकाश आहे, तुम्हाला कंटाळा येईल. ते सळईचे तुकडे उचलून पिशवीत टाकू लागले. मला राहवलं नाही. "तुमचा हात लागावा म्हणून तर घेतोय ना मी," असं बोलून गेलो.

दुकानदार आत बिल करायला गेला होता. दाजींनी उजवा हात शिकंज्याच्या दांड्यावर ठेवला. दांडा खडखडू लागला. त्यांनी तो तसाच थोडा वेळ ठेवला, मला दिसेपर्यंत.

"हा आता मापात नाय रं, सुदाकर. तू एकटा असशील तवा चालंल अशी मशीन पायजे."

मी पैसे भरले. परतताना कर्जत येईपर्यंत पिशवी माझ्या पाठीला लागत राहिली.

त्यानंतर दाजी बऱ्याच रविवारी आले. मशीनला त्यांनी हात लावला नाही. स्टुलावर बसून बघायचे. मी माप घ्यायचो, खूण करायचो, शिकंजा आवळायचो. पहिला कट वाकडा गेला, कारण शिकंजा ढिला राहून सळई सरकली होती. दाजी म्हणाले, "दोरीनं बांदली असतीस तरी एवडी हलली नसती." पुढे कधीतरी एक तुकडा त्यांनी उचलला, कड बघितली आणि म्हणाले, "चालंल." त्यापलीकडे कौतुकाचा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. त्या रात्री जेवताना मी तो शब्द बायकोला दोनदा सांगितला.

त्या शेडमध्ये झालेली पहिली पुरी वस्तू म्हणजे शेलूच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला लावायची स्टीलची दांडी. दाजींचा तोल जायला लागला होता. मी टेप घेऊन गेलो आणि त्यांना भिंतीपाशी उभं केलं. हात कोपरात किती वाकतो ते बघून खूण करणार, तेवढ्यात ते बाजूला झाले आणि त्यांनी आक्काला हाक मारली.

"हिच्या उंचीनं लाव."

आक्का म्हणाली, की पडता तुम्ही आणि माप माझं कशाला? दाजी तिला म्हणाले, "तू उबी रा गं आदी." मग माझ्याकडे वळून हळूच बोलले, "मी किती दिस धरनार हाय?"

आक्का त्यांच्यापेक्षा चांगली सहा इंच ठेंगणी. दांडी तिच्या मापाने लागली. दाजींना ती धरायला वाकावं लागे. ते वाकत.

पुढच्या श्रावणात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला. कर्जतच्या दवाखान्यात आठवडाभर होते. शेवटच्या दोन दिवसांत बोलणं बंद झालं, पण उजवा हात चादरीवर थरथरतच होता. आक्का त्यावर आपला हात ठेवून बसायची. नंतर तो थांबला. तिलाच ते आधी कळलं.

तेरा दिवस झाल्यावर आक्का म्हणाली, की गावचं घर उघडून बघायला हवं. मी तिला खालापूरला नेलं. पडवीत पावसाचं पाणी आलं होतं. बरीचशी हत्यारं गंजली होती. भिंतीवर खिळ्याला एक हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीची, फ्रेम टांगलेली होती, लाकडी मुठीची. मूठ झिजून एका बाजूला बोटांचे खळगे पडले होते. मी ती उतरवली आणि धरली. खळगे माझ्या बोटांना जुळले नाहीत.

"ने ती," आक्का म्हणाली.

मी तिला म्हणालो, की दाजींचा नियम तुला माहीत आहे. फुकट नेणार नाही. तू किंमत सांग. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग पायरीवर बसली. 

"लगीन झालं त्या वर्सी आमच्याकडं वाल चांगला झालेला. मी खोपोलीच्या बाजारात बसून इकला. त्या पैशातून ह्यांना घेऊन दिली. तवा ह्यांच्याकडं सोताचं काय बी नव्हतं." तिने फ्रेमकडे बघितलं. "अटरा रुपयांना. अटरा दे."

माझ्या खिशात पाचशेच्या नोटा होत्या. त्यातली एक तिच्या हातावर ठेवावी असं वाटलं. पण मेलेल्या माणसाच्या हत्याराचा भाव करायचा नसतो, कमी नाही आणि जास्तही नाही. स्कूटरच्या डिकीत शोधलं. दहाची एक नोट, पाचचं एक नाणं, दोनचं एक, एकचं एक. अठरा रुपये झाले. ते आक्काला दिले.