पेरूच्या झाडावरची सीडी

आज सकाळी आईचा जुना कंप्युटर सुरूच होईना. दोन वर्षं बसून तिने कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आठवणी त्यात टाइप केल्यात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. मी शाहपुऱ्यातल्या माझ्या घरून तडक गोविंदपुऱ्याला, आई-बाबांच्या घरी गेले.

बाबा म्हणाले, "बंद पडला तर उघडायची सीडी मी करून ठेवली होती. कुठे गेली?"

आईने खिडकीबाहेर बोट दाखवलं. पोपट येऊ नयेत म्हणून तिने ती पेरूच्या झाडाला टांगली होती. उन्हाने पार विटलेली, चाललीच नाही.

"पोपट तरी घाबरले का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो."

बाबा कारखान्यात मेंटेनन्सला होते. एक बंद पडलं तर दुसरं हाताशी हवं म्हणून घरात त्यांचं सगळं दोन-दोन, त्यावरून आईचे टोमणे ठरलेले. आज ते कपाटातून दुसरी सीडी घेऊन आले. वर लिहिलं होतं, 'स्टँडबाय'.

त्या सीडीने कंप्युटर उघडला. आईचं सगळं लिखाण मी पेनड्राइव्हवर उतरवलं.

"अजून एक प्रत कर," आई म्हणाली, "ती तू ने. दोन्ही एकाच घरात नकोत."

परतताना रिक्षात जाणवलं, आता आईची स्टँडबाय मी आहे. तुमच्या आईच्या आठवणी कुणाकडे आहेत?