रामनाथभाऊंचा हसरा फोटो

कीर्ती आमच्या बोईसरच्या ऑफिसात पीएचपीत कोड लिहिते. ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि धंदा म्हणजे कारखान्यांच्या वेबसाइट. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून छातीठोक सांगते, इतकी सरळ पोरगी मी दुसरी पाहिली नाही. कोडमधली प्रत्येक ओळ ती दोनदा तपासते. माणसं तपासायला मात्र तिला कुणी शिकवलंच नाही.

चिंचणीला त्यांची चिकूची वाडी. भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला ती दिग्विजयला ओवाळायची. हा तिच्याच शाळेतला, दोन वर्षं मागचा; वडील सांगलीहून इथल्या कारखान्यात आलेले. त्याला फोटोंचा नाद. कीर्तीच्या आईच्या, जयवंतीकाकूंच्या हातचं खाऊन मोठा झाला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने वाडीत कीर्तीच्या वडिलांचे, रामनाथभाऊंचे फोटो काढले. पुढच्याच महिन्यात भाऊ हार्ट अटॅकने गेले. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. कीर्तीने मागितला, तर हा रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, कॅमेऱ्यातलं कार्डच उडालं गं." उलट हिनेच त्याची समजूत काढली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. त्यात भाऊ कुणावर तरी डाफरल्यासारखे दिसतात.

गेल्या मंगळवारी तिच्याकडे काम आलं. चिकूचे चिप्स विकणाऱ्या एकाच्या वेबसाइटवर फोटो आपोआप बदलत राहायला हवे होते, आणि ते फोटो विकणाऱ्या एका परदेशी साइटकडून मागवायचे होते. आपण शोधायचा शब्द पाठवायचा, की तिकडून यादी येते: फोटो, काढणाऱ्याचं नाव, चढवल्याची तारीख. दोनदा एरर आली. एपीआय की, म्हणजे त्या साइटचा पासवर्डच, टाकताना एक अक्षर गळलं होतं. तिसऱ्यांदा 'चिकू, शेतकरी' गेलं आणि स्क्रीनवर बारा फोटो उतरले.

चौथ्यात रामनाथभाऊ. हातात चिकूंची पाटी, तोंडभर हसू, आणि चेहऱ्यावरून आडवा गेलेला साइटचा वॉटरमार्क.

"बाबा," ती एवढंच म्हणाली. मग सवयीने तिने यादी तपासली. नाव दिग्विजयचं. तारीख भाऊ जाण्याच्या तीन आठवडे आधीची.

तिने तिथूनच दिग्विजयला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, ऐक तरी. फोटो साइटला विकायला दिला की तो दुसरीकडे कुठे दिसायचा नाही, असा करार असतो. तुम्ही फेसबुकवर टाकला असता तर माझं खातंच बंद झालं असतं."

"आणि बाबांची परवानगी?"

शेवटी त्याने कबूल केलं. साइटच्या परवानगीच्या कागदावर भाऊंची सही त्यानेच ठोकली होती.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिलेत. याने वासाच उपसून बाजारात नेला. कीर्ती रडली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी त्याने मूळ फोटो पाठवला, सोबत जोडलेल्या हातांचे तीन इमोजी. दुसऱ्या दिवशी कीर्तीने तो फ्रेम करून घेतला. मीही तिच्याबरोबर चिंचणीला गेले.

काकूंनी पदराने काच पुसली. "अस्सेच हसायचे," म्हणाल्या, आणि स्वतःही हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग एकदम थांबल्या.

"पन त्याचं कार्ड उडालं होतं ना?"

कीर्तीने सगळं सांगून टाकलं. काकूंनी फ्रेम मांडीवर पालथी घातली.

"नको लावू. ते त्यालाच बघून हसतात."

भिंतीवर आधार कार्डावरचे भाऊच आहेत.