नौफाननं मोजलेला धूर

लोखंडी रॉड नौफानच्या उजव्या हातावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे, माझ्या टायरच्या दुकानात ऐकू आला.

जॉर्डनमधल्या अम्मानच्या बयादिर भागात, आमच्या गल्लीत, नौफान बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याचे वडील डिझेलच्या ट्रकांचे मेकॅनिक. धुरानं छाती पोखरली आणि पन्नाशीतच गेले. धुराचा विषय निघाला की हा शांत माणूस कुणाचं ऐकत नसे.

गिऱ्हाईकं विचारायची, "नुसती विजेवरची घेऊ, की वीज-पेट्रोल दोन्हींवर चालणारी प्लग-इन हायब्रिड?" त्यानं मोजायचंच ठरवलं. महिनाभर दोन्ही गाड्या अम्मान ते दक्षिणेतलं त्याचं गाव करक आणि परत चालवल्या. वीजही बरीचशी गॅस जाळूनच येते, म्हणून तिचा धूर धरला. मोठी बॅटरी बनवतानाचा जादा धूरही धरला. रोज चार्ज केली तर हायब्रिड फार मागे नव्हती. पण त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात हायब्रिडच्या चार्जिंग वायरचं सीलही फोडलेलं नसायचं. अशी गाडी बॅटरीचं ओझं वाहत नुसतं पेट्रोल पीत फिरायची. तशी चालवून पाहिली, तर तिचा धूर विजेच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट भरला. हे आकडे त्यानं गॅरेजच्या भिंतीवर रंगवले.

शोरूममधून हायब्रिड विकणारा मिस्लेह दोन भाचे घेऊन आला.

"भिंत पूस."

"तुमच्या गिऱ्हाइकांना गाड्या चार्ज करायला सांगा, अबू फवाज. मग मीच पुसतो," नौफान त्याला मुलाच्या नावानं, मानानं हाक मारत म्हणाला.

"दोन नट काय पिळतोस, मला शिकवतोस?"

थोरल्या भाच्यानं भिंतीवर डबाभर काळं ऑइल फेकलं. नौफाननं पाना उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. धाकट्यानं रॉड काढला. मी टायरची पहार घेऊन धावलो आणि त्याच्या पाठीत घातली, पण तोवर नौफान खाली कोसळला होता. मिस्लेह त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता.

त्याच संध्याकाळी करकहून नौफानचे चार भाऊ आले, कमरेला पिस्तुलं लावून. "शोरूम पेटवतो!" नौफानची बायको खौला दारात आडवी उभी राहिली.

"पेटवा. शंभर गाड्यांचा धूर काढा. नवऱ्याच्या हाताला तोच लावते मी!"

भाऊ दारातून मागे फिरले.

दहा दिवसांनी मिस्लेहच्या कुळातली वडील माणसं त्याला घेऊन नौफानच्या घरी समेटाला आली. कॉफी मांडली, पण रिवाजाप्रमाणे नौफानची मागणी मान्य होऊन समेट ठरेपर्यंत कुणी कपाला हात लावणार नव्हतं.

"काय हवं ते माग, बाळा," त्यांच्यातले प्रमुख, म्हातारे शेख नौफानला म्हणाले.

"यानं आपली हायब्रिड चार्ज न करता आठ दिवस करकला न्यावी-आणावी. पेट्रोल माझ्यासमोर मोजावं. आणि त्यावरून निघेल तो धुराचा आकडा भिंतीवर स्वतः लिहावा," नौफान म्हणाला.

"लोकांत तमाशा करतोस माझा?" मिस्लेह उसळला.

"कॉफी निवतेय, मिस्लेह," शेख एवढंच म्हणाले. मिस्लेहनं मान खाली घातली. सगळ्यांनी कप उचलले.

आठव्या दिवशी सगळी गल्ली जमली. मिस्लेहनं ब्रश घेतला. आकडा नौफानच्या आकड्यापेक्षा वरचढच निघाला.

आता मिस्लेह गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "घरी चार्जिंगची सोय आहे?" नसेल, तर हायब्रिड दाखवतच नाही. त्याचा थोरला भाचा मात्र अजून आम्हाला पाहिलं की रस्त्यावर थुंकतो.