अंडीवाल्या कुर्ल्यांचं गिऱ्हाईक

हसणार नाही असं आधी कबूल करा. मग सांगते, मी समुद्राची सेवा कशी केली ते.

आमच्या महिला मंडळात एक व्याख्यान झालं. जैवविविधता म्हणजे नुसतं जंगल नि वाघ नव्हे, आपण पिशवी घेऊन बाजारात काय निवडतो, तिथंही ती असते, असं त्या बाई म्हणाल्या. मला लगेच पटलं. मला सगळ्यांचंच पटतं, जुना आजार आहे.

दुसऱ्याच दिवशी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात गेले. आमच्या नेहमीच्या सकीनाभाभीच्या टोपलीत एक जिवंत कुर्ली, नांग्या बांधलेली. पोटाखाली अंड्यांचा हा एवढा गोळा! अख्खं गाव वसेल हो त्यातून.

"भाभी, ही द्या."

"ही? दुसरी घे गो. ही अंड्यांवर आहे, हिच्यात खायला काय नाय."

"नाही, हीच हवी."

आता विकत घेऊन समुद्रात सोडणार म्हटलं असतं, तर बाजार हसला असता की नाही? मी नुसते पैसे मोजले. तडक मांडवीच्या किनाऱ्यावर गेले, कात्रीनं दोरी कापली. कुर्लीनं कृतज्ञतेनं माझा अंगठा धरला. बऱ्याच वेळानं सोडला.

घरी नवऱ्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. "कुर्ल्या आणणार होतीस ना?"

"दोडकी आणलीत."

पुढच्या आठवड्यात भाभीनं लांबूनच हाक मारली, "ताई, तुज्या तीन ठेवल्यात!" घेतल्या, सोडल्या. मग सात झाल्या. मग शेजारची हमीदाही ओरडायला लागली, "ओ ताई, माज्याकडं पण आहेत, अंडीवाल्या!" स्कूटरची डिकी रस्ताभर खडखडायची.

एवढ्या येतात म्हणजे समुद्रात वाढल्या, आणि वाढल्या कुणामुळे? मंडळात मी हे उभं राहून सांगितलं. टाळ्याही घेतल्या!

परवा तर टोपली भरून होत्या.

"भाभी, पूर्वी अशा दिसायच्या नाहीत, नाही का?"

"दिसतील कशा? आमचे हे जाळ्यातनंच परत पाण्यात टाकायचे. अंडीवालीला हात लावायचा नाय, सासऱ्यापासनं रीत आमची. त्या दिवशी एक चुकून आली, तर तू केवढी खूश झालीस! मी ह्यांना म्हटलं, ताई आपली नेहमीची, तिला आवडतात, तर आणा की."

खरं ते सांगून टाकलं. हमीदा हसता हसता बर्फाच्या पेटीवर बसली.

भाभी मात्र हसली नाही.

"म्हणजे आमचे हे टाकायचे, तेच तू टाकतेस?"

"हो."

"मग तू तेवढी मधनं बाजूला हो ना गो."

झाले बाजूला. निसर्गासाठी माझ्या हातून झालेलं हे पहिलं ठोस काम.